हातची वस्तू चारचौघांत मांडताना: वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात मी पुण्यातील हस्तकला कार्यशाळांमध्ये महिन्यातून एकदा भरणाऱ्या मांडणीच्या बैठकीविषयी लिहिले होते. सभासदांनी घरी केलेली वस्तू आणायची, सर्वांसमोर मांडायची आणि ती कशी केली ते सांगायचे, असे या बैठकीचे साधे स्वरूप असते. त्यावर बरीच पत्रे आली. त्यांतील सहा प्रश्न येथे घेतले असून पत्रे थोडक्यात दिली आहेत आणि लिहिणाऱ्यांची नावे गाळली आहेत.

प्रश्न (सदाशिव पेठ): माझे वय ६१ आहे. सासूबाईंची दोन सुती लुगडी आणि एक जुने धोतर यांची गोधडी मी हाताने शिवली. आमच्या कार्यशाळेत इतरांच्या वस्तू फार रेखीव असतात. माझा धावदोरा कुठे बारीक तर कुठे मोठा पडला आहे आणि उलट बाजूला गाठी दिसतात. हीच गोधडी न्यावी, की दुसरी नेटकी शिवून मग न्यावी?

उत्तर: हीच न्यावी, आणि माझे ऐकाल तर टेबलावर ती आधी उलट्या बाजूने पसरावी. कार्यशाळेत जमणारी माणसे खरेदीला आलेली नसतात, ती शिकायला आलेली असतात. सुलट बाजूवरून वस्तू किती देखणी झाली ते कळते. ती कशी झाली, हात कुठे अडला, दोरा कुठे संपला आणि कुठे नव्याने सुरू झाला, हे सारे उलट बाजूवर लिहिलेले असते. भरतकाम जाणणाऱ्या जुन्या बायका रुमाल हातात आला की आधी पालथा करून पाहत, त्या काही केवळ खोड काढण्यासाठी नव्हे.

तुमच्या धावदोऱ्याकडे एकदा निवांत पाहा. टाका जिथे मोठा पडला आहे तिथे बहुधा लुगड्याचा काठ आला असेल. काठाची वीण घट्ट असते, त्याखाली आणखी थर असतात, आणि सुई एका दमात पलीकडे निघत नाही. धोतराचा विरलेला भाग आला की तीच सुई सुळकन जाते आणि टाका आपोआप बारीक होतो. म्हणजे तुमचे टाके वेडेवाकडे नाहीत, ते कापडाप्रमाणे बदललेले आहेत, आणि नेमके हेच बोट ठेवून दाखवण्यासारखे आहे. कसबा पेठेतल्या तांबट आळीत तांब्याच्या भांड्यांवर मठारकाम करतात, ते तुम्ही पाहिले असेल. हातोडीच्या ठोक्यांनी उठलेल्या त्या लहान लहान चकत्या नीट पाहिल्या तर एकीसारखी दुसरी नसते. पण त्याच ठोक्यांनी पत्रा कणखर होतो आणि त्याच ठोक्यांमुळे भांडे हाताने घडवले आहे हे कळते.

याचा अर्थ प्रत्येक चूक कौतुकाने मिरवावी, असे मात्र मी म्हणणार नाही. जो टाका बोटाच्या पेरापेक्षा लांब आहे त्यात झोपेत पायाचे बोट किंवा जोडवे अडकते आणि मग तो टाका एकटा तुटत नाही, शेजारची ओळही ओढून नेतो. असे टाके नेण्यापूर्वी मधून पुन्हा धरून घ्यावेत. गाठी दिसतात याची काळजी करू नये, त्या सैल नाहीत ना, एवढे ओढून पाहावे.

सांगताना आधी थरांविषयी सांगावे: सर्वांत खाली काय घातले, मध्ये काय, वर कोणते लुगडे, आणि ते लुगडे कुठे विरले होते. मग कच्चे टाके कसे घातले ते सांगावे, कारण नव्या माणसाची गोधडी तिथेच फसते. माझी पहिली गोधडी अशीच फसली होती. चारही कडा आधी पक्क्या धरल्या आणि मग आत येत गेले, त्यामुळे सगळा झोळ मध्यभागी जमला आणि तिथे अक्षरशः पोट आले. चार संध्याकाळी बसून मला तो दोरा उसवावा लागला. कच्चे टाके मध्यापासून कडांकडे घालत जावे, तळहाताने थर बाहेरच्या बाजूला सारखे करत जावे, आणि मगच पक्का दोरा भरावा. पक्का दोरा काही घरांत कडेपासून चौकोनात आत आणतात, काही घरांत सरळ ओळींत भरतात. तुमच्या सासूबाईंच्या घरी कोणती रीत होती, हे सांगायला विसरू नका, कारण ते ऐकायलाच कितीतरी जणी आलेल्या असतील.

प्रश्न (कर्वेनगर): आमच्या कार्यशाळेत १८ सभासद आहेत आणि मांडणीची बैठक दोन तासांची असते. बहुतेक जण ‘छान आहे’ म्हणून पुढे सरकतात. तीन-चार जण मात्र प्रत्येक वस्तूत सुधारणा सुचवतात, त्यामुळे नवीन मुली दुसऱ्या महिन्यापासून येईनाशा होतात. बैठक कशी चालवावी?

उत्तर: आधी वेळेचा हिशेब करू. १८ जणांना प्रत्येकी ७ मिनिटे दिली तरी १२६ मिनिटे होतात, म्हणजे दोन तास संपून जातात आणि वस्तू कोणी हातातही घेतलेली नसते. घाईत माणूस ‘छान’ याहून अधिक काय म्हणणार? एका बैठकीत आठच वस्तू घ्याव्यात. प्रत्येकीला १२ मिनिटे धरली तर ९६ मिनिटे होतात आणि उरलेली २४ मिनिटे सुरुवातीला, बोलण्याआधी, नुसत्या पाहण्यासाठी राखावीत. बाकीच्यांची पाळी पुढच्या महिन्यात. ज्याला थांबावे लागते तो अधिक तयारीने येतो, हा माझा अनुभव आहे.

ही पहिली २४ मिनिटे मला सर्वांत मोलाची वाटतात. सर्वांनी हात धुऊन, कोरडे करून यावे, चहा आणि फराळ शेवटी ठेवावा, आणि टेबल खिडकीलगत लावावे. डोक्यावरच्या ट्यूबलाइटच्या प्रकाशात टाके सपाट दिसतात. बाजूने येणाऱ्या उजेडात प्रत्येक टाक्याची सावली पडते आणि वीण डोळ्यांना वाचता येते. पावसाळ्यात दुपारीच अंधारून येते तेव्हा टेबलावर एका बाजूला साधा दिवा ठेवला तरी पुरतो. गोधडी, शाल, तोरण अशा मोठ्या वस्तू दोरीवर चिमटे लावून टांगल्या तर दोन्ही बाजूंनी पाहता येतात. या वेळात कोणीही मत द्यायचे नाही, फक्त वस्तू हातात घ्यायची, उलटायची, कडेवरून बोट फिरवायचे.

त्यानंतर करणाऱ्याने बोलावे, आणि आपल्या बोलण्याच्या शेवटी स्वतःचा एक प्रश्न मांडावा, हा एक नियम मात्र कसोशीने पाळावा. ‘पिशवीचा बंद खांद्यावर वळतो, तो वळू नये म्हणून काय करू?’ असा नेमका प्रश्न समोर आला की सुधारणा सुचवणाऱ्या तुमच्या त्या तीन-चार जणांची ताकद योग्य जागी लागते. ते वाईट नसतात; त्यांना येत असते आणि सांगावेसे वाटत असते. पण न विचारता दिलेला सल्ला नवख्या माणसाला परीक्षेसारखा वाटतो. विचारलेल्या प्रश्नापलीकडचे काही सांगायचे असेल तर बैठक संपल्यावर बाजूला बसून सांगावे.

ऐकणाऱ्यांनीही ‘छान’ या शब्दाऐवजी एखादी जागा दाखवून विचारावे: हा कोपरा कसा वळवला, इथे रंग का बदलला. माझ्या एका बैठकीत अशाच एका प्रश्नातून महिनाभराचा गोंधळ सुटला. एका मुलीने क्रोशाची गोल टोपी आणली होती आणि ती नमुन्याच्या जवळपास दुप्पट उंच झाली होती. वळ कमी-जास्त झाला असेल, लोकर जाड असेल, असे तर्क चालले होते. शेवटी कोणीतरी विचारले, की नमुना कुठल्या देशातला होता? नमुना ब्रिटनमधला होता आणि ती शिकली होती अमेरिकन पद्धतीच्या पुस्तकावरून. अमेरिकन नमुन्यात ज्याला सिंगल क्रोशे म्हणतात, म्हणजे आपला मुका खांब, त्यालाच ब्रिटिश पुस्तके डबल क्रोशे म्हणतात, आणि अमेरिकन डबल क्रोशे, म्हणजे आपला खांब, त्यांच्याकडे ट्रेबल होतो. तिने प्रत्येक खांब एकेक पायरी उंच घातला होता. टोपी कोणी नुसतीच ‘छान’ म्हणून पुढे दिली असती तर तिची पुढची टोपीही तशीच झाली असती. मराठीतले साखळी, मुका खांब, खांब हे शब्द या घोळात पडत नाहीत, म्हणून नमुना मिळाल्याबरोबर तो आपल्या शब्दांत उतरवून घ्यावा, असे मी तेव्हापासून सर्वांना सांगते.

नवख्यांची पाळी आधी ठेवावी. फार सफाईच्या वस्तूनंतर आपली वस्तू पुढे करायला धाडस लागते, आणि ते पहिल्याच महिन्यात कोणाकडे मागू नये.

प्रश्न (चिंचवड): मी कारखान्यातून निवृत्त झालो आणि पत्नीकडून विणकाम शिकलो. नातवासाठी स्वेटर पूर्ण केला आहे. कार्यशाळेत सगळ्या महिलाच असतात. मी गेलो तर त्यांना अवघडल्यासारखे होईल का?

उत्तर: अवश्य जावे. आपल्या कोकण किनाऱ्यावर मासेमारीची जाळी विणणारे हात बहुतकरून पुरुषांचेच असतात, तेव्हा दोरा आणि वीण ही काही एकट्या स्त्रियांची मिरास नाही. कारखान्यात मोजमापाची सवय असलेल्या माणसाने स्वेटर विणला म्हणजे त्याने आधी मापाचा चौकोन विणून टाके मोजले असणार, असा माझा अंदाज आहे. तो चौकोन जपून ठेवला असेल तर स्वेटरबरोबर तोही न्यावा. तो विणायचा कंटाळा जवळजवळ प्रत्येकीला असतो.

प्रश्न (औंध): क्रोशाचे तोरण मी स्वतः योजून केले आणि कार्यशाळेत दाखवले. कसे केले तेही सांगितले. पुढच्याच महिन्यात दुसरी एक सभासद तसेच तोरण करून विकताना दिसली. मला फार वाईट वाटले. आता दाखवणेच बंद करावे का? कायद्याने काही करता येते का?

उत्तर: तुमचे वाईट वाटणे अगदी रास्त आहे. कायद्याची बाजू आधी सांगते, कारण तिच्याविषयी गैरसमज फार आहेत. वस्तूच्या रूपाचे, म्हणजे आकार, नक्षी, रंगांची मांडणी यांचे संरक्षण डिझाइन कायदा, २००० या कायद्याखाली नोंदणी केल्यावर मिळते. ते १० वर्षांचे असते आणि पुढे ५ वर्षे वाढवता येते. मात्र नोंदणीच्या अर्जापूर्वी ते डिझाइन लोकांसमोर आलेले नसावे, अशी अट आहे. म्हणजे ज्याची नोंदणी करायचा विचार आहे ती वस्तू नोंदणीआधी खुल्या बैठकीत मांडूच नये. याउलट, तुम्ही तोरणाची कृती शब्दांत लिहिली असेल, आलेख काढला असेल, छायाचित्र घेतले असेल, तर ते लेखन, तो आलेख आणि ते छायाचित्र यांवर कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार तुमचा हक्क आपोआप येतो, त्यासाठी नोंदणी लागत नाही. तुमच्या कृतीच्या कागदाच्या प्रती काढून कोणी विकू लागले तर तुम्ही ठामपणे हरकत घेऊ शकता. तोरण पाहून तोरण केले, ही गोष्ट मात्र वेगळी आहे. आणि त्यातली कोयरी, कमळ, गोपद्म ही चिन्हे तर कोणा एकाची नव्हेतच. ती तुम्ही जशी घेतलीत तशी तीही घेऊ शकते.

एवढे सांगून झाल्यावर मी असे म्हणेन, की हा प्रश्न मुळात न्यायालयाचा नाही, तो शेजारधर्माचा आहे. कार्यशाळेत दाखवलेली रीत सर्वांची होते, दाखवण्यामागचा हेतूच तो असतो. पण रीत घेताना नाव गाळणे हे चुकीचे आहे, आणि विकण्यापूर्वी न विचारणे हे त्याहून चुकीचे आहे. त्या बाईंना एकटे गाठून शांतपणे सांगा, की तोरण माझ्याकडून घेतले आहे, तर विकताना तसे सांगत जा, किंवा निदान नक्षी बदला. दहापैकी नऊ वेळा समोरच्या माणसाला आपण काही वावगे केले याची जाणीवच नसते.

कार्यशाळेनेही एक पद्धत घालून द्यावी, असे मला आग्रहाने वाटते. बाजीराव रस्त्यावरच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात तुम्ही गेला असाल. दिनकर केळकरांनी आपल्या अकाली गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, स्मृतीला वाहिलेला तो संग्रह २० हजारांहून अधिक वस्तूंचा आहे. तिथले अडकित्ते, दिवे, फण्या पाहताना मन हरखून जाते, आणि थोड्या वेळाने एक रुखरुख लागते, की यांतल्या बहुतेक वस्तू कोणाच्या हातच्या आहेत हे आज कोणालाच ठाऊक नाही. ज्या हाताने अडकित्त्याच्या मुठीवर पोपट बसवला त्या हाताचे नाव गेले ते गेलेच. आपण निदान एक चिठ्ठी लावू शकतो. वस्तूबरोबर पोस्टकार्डाएवढ्या कागदावर करणाऱ्याचे नाव, कोणाकडून शिकले त्याचे नाव, साहित्य आणि महिना-वर्ष लिहावे. नक्षी दुसऱ्याची असेल तर ‘नक्षी अमुक यांची’ असेही लिहावे. चिठ्ठीची सवय एकदा लागली की नाव घेण्यात कमीपणा वाटत नाही, उलट नाव न घेणेच खटकू लागते. दाखवणे बंद करू नका.

प्रश्न (हडपसर): पांढऱ्या सुती कापडावर लाल खणाचे तुकडे लावून उशीचे अभ्रे केले आणि बैठकीत दाखवले. घरी आल्यावर धुतले तर लाल रंग पांढऱ्यात उतरला. मिठाच्या पाण्याने रंग पक्का होतो असे एकीने सांगितले. खरे आहे का?

उत्तर: खण आधीच रंगवलेला असतो, आणि कच्च्या रंगाला मीठ नंतर पक्के करू शकत नाही. शिवण्यापूर्वीच परीक्षा करावी: पांढरा फडका ओला करून खणाच्या उलट बाजूवर जोराने घासावा. फडक्यावर लाली आली तर तो खण वेगळा, थंड पाण्यात, पाणी स्वच्छ येईपर्यंत पुन्हा पुन्हा धुवावा, आणि तरीही लाली येत राहिली तर पांढऱ्यावर वापरूच नये. पांढरे सुती कापडही आधी धुऊन घ्यावे, नाहीतर ते नंतर आटते आणि खणाभोवती चुण्या पडतात. आत्ताच्या अभ्र्यांसाठी सांगायचे तर, ते अजून उन्हात वाळवले वा इस्त्री केले नसतील तर लगेच भरपूर थंड पाण्यात साबणासह बुडवून पाहा आणि पाणी वरचेवर बदला. डाग एकदा वाळून बसला की निघणे कठीण असते. पुढच्या बैठकीत हेच अभ्रे डागासकट न्या आणि फडक्याची परीक्षा सर्वांसमोर करून दाखवा.

प्रश्न (एरंडवणे): आई गेल्या वर्षी वारली. तिच्या पेटीत अर्धवट विणलेला स्वेटर सापडला, सुया अजून त्यातच आहेत. कार्यशाळेतल्या मैत्रिणी म्हणतात, तो पूर्ण करून आण. मला विणता येते, पण हात लावायचा धीर होत नाही. आणि पूर्ण केला तर तो तिचा राहील का?

उत्तर: तुमचे पत्र मी दोनदा वाचले. तो आहे तसा घेऊन जा. मांडणीच्या बैठकीत वस्तू पूर्णच असली पाहिजे असा नियम कुठेही नाही, आणि असलाच तर तो मोडावा.

नेण्यापूर्वी एक काम मात्र करा. सुया पोलादी असतील तर पुण्याच्या पावसाळी हवेत त्यांना गंज चढतो आणि तो लोकरीत उतरतो. म्हणून बोथट टोकाच्या सुईत गुळगुळीत, पांढरा सुती दोरा ओवा आणि सुईवरचा एकेक टाका न पिळता त्या दोऱ्यावर उतरवून घ्या. दोन्ही टोके सैल बांधा. टाके किती आहेत ते मोजून कागदावर लिहा. सुयांच्या मुठीवरचा आकडाही लिहून ठेवा, कारण जुन्या सुयांवर बहुधा ब्रिटिश पद्धतीचा नंबर असतो आणि त्यात नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक. १० नंबर म्हणजे आजच्या मापात ३.२५ मिलिमीटर. स्वेटर उन्हात थोडा उघडून पाहा, कुठे कसर लागली नाही ना याची खात्री करा, आणि सुती कापडात गुंडाळून कडुनिंबाचा वाळलेला पाला किंवा वेखंड सोबत ठेवा. डांबराच्या गोळ्या लोकरीला लागून ठेवू नका.

बैठकीत तो पसरलात की ज्यांना विणता येते त्यांना तुमच्या आईचा हात वाचता येईल. ती टाके घट्ट घालत होती की सैल, उलट ओळीत तिचा हात ढिला पडत होता का, कडेचा पहिला टाका ती विणत होती की नुसता उचलत होती, हे जाणकार बाई दोन मिनिटांत सांगू शकते. तुम्ही तिच्याचकडून शिकला असाल तर आपला एखादा विणलेला तुकडा शेजारी ठेवा. दोघींच्या विणीत काय सारखे आहे ते इतरांना आधी दिसेल.

पूर्ण करायचा की नाही हे तुम्हीच ठरवावे, त्याला मुदत नाही. कधी धीर झालाच, तर आईच्या शेवटच्या ओळीतून वेगळ्या रंगाचा एक बारीक दोरा आतल्या बाजूने ओवून ठेवा आणि मग पुढची ओळ सुरू करा. वरून काही दिसणार नाही. स्वेटर उलटा केला की ती कुठे थांबली आणि तुम्ही कुठून सुरू केलेत, ते दिसेल.